रक्त कोणी हरवले?

गेल्या पावसाळ्यात आईचे रक्त तपासणीसाठी घ्यायचे होते, म्हणून प्रयोगशाळेतला एक मुलगा सकाळी घरी आला होता. आईला ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत आणि तिच्या हातांच्या शिरा आता सहजासहजी सापडत नाहीत. दोन ठिकाणी टोचून झाले, तिसऱ्या खेपेला मनगटाच्या जरा वर शीर लागली, दोन नळ्या भरल्या, आणि कापसाचा बोळा दाबून धरत आईने ‘झालं का रे बाबा’ असे विचारले. तिसऱ्या दिवशी अहवालाऐवजी माझ्या मोबाइलवर इंग्रजीतून तीन वाक्यांचे एक पत्र आले. ‘द सॅम्पल वॉज मिसप्लेस्ड ड्यूरिंग ट्रान्झिट. अ फ्रेश सॅम्पल इज रिक्वेस्टेड. द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड.’

आईला इंग्रजी येत नाही. गेली बावीस वर्षे इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ते पत्र मी तिला तिथल्या तिथे मराठीत वाचून दाखवले: नमुना वाटेत गहाळ झाला आहे, नवीन नमुना मागवण्यात येत आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे. आईने हातावरच्या काळ्यानिळ्या डागाकडे पाहिले आणि विचारले, ‘पण हरवलं कोणी?’

मी ते पत्र पुन्हा वाचले. हरवणे, मागणे, त्रास देणे आणि खेद वाटणे अशा चार क्रिया त्या तीन ओळींत होत्या आणि त्या करणारे माणूस एकही नव्हते. पत्राखाली सहीसुद्धा नव्हती. इंग्रजीत वाचताना मला यात काहीच खटकले नव्हते, कारण अशी इंग्रजी आपण दिवसभर वाचत असतो. ते मराठीत उतरवताना मात्र माझी जीभ अडखळली होती, आणि आईच्या प्रश्नाने ती का अडखळली ते मला समजले.

इंग्रजीतल्या या रचनेला आपण शाळेत ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणून शिकलो. ‘रामा किल्ड रावणा’ या वाक्याचे ‘रावणा वॉज किल्ड बाय रामा’ करायचे आणि दोन गुण मिळवायचे. आमच्या बाईंनी हे रूपांतर अतिशय नेटके शिकवले होते: कर्माला पुढे आणा, ‘टु बी’चे योग्य रूप घाला, क्रियापदाचे तिसरे रूप लिहा, कर्त्याला ‘बाय’ लावून शेवटी बसवा. पण एखादा इंग्रज माणूस हे कशासाठी करील, हा प्रश्न वर्गात कधी निघाला नाही, आणि मराठीतला कर्मणी प्रयोग म्हणजेच इंग्रजीतला पॅसिव्ह, असा एक गैरसमज आम्हा सगळ्यांच्या डोक्यात कायमचा बसला. ‘सीतेने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते हे खरे. पण सीता वाक्यात ठाण मांडून बसलेली असते आणि आंबा कोणी खाल्ला याबद्दल कोणाला शंका राहत नाही. इंग्रजीच्या पॅसिव्हमध्ये खाणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवता येते, आणि रोजच्या वापरात बहुतेक वेळा त्याला बाहेरच ठेवतात. ‘बाय’ लावून कर्ता सांगणारी वाक्ये परीक्षेच्या पेपरात जितकी भेटतात तितकी बोलण्यात भेटत नाहीत.

इंग्रजीला या रचनेची इतकी गरज का पडते, याचे उत्तर मला पुष्कळ उशिरा, भाषांतर करता करताच सापडले. मराठीत शब्दांना विभक्तीचे प्रत्यय लागलेले असतात, त्यामुळे शब्द कुठेही ठेवला तरी त्याचे नाते तुटत नाही. ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ या दोन्ही वाक्यांत मरणारा एकच आहे. मला रावणाबद्दल बोलायचे असेल तर मी रावणाला उचलून पुढे ठेवते आणि क्रियापदाला हातही लावत नाही. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे नात्याची खूण शब्दावर नसून शब्दाच्या जागेवर असते, आणि जागा बदलली की मारणारा मरणारा होतो. तेव्हा रावणाला पुढे आणूनही त्यालाच मेलेला ठेवायचे असेल तर क्रियापदाचे रूपच बदलावे लागते. रस्त्यावर एका लहान मुलाला कुत्रा चावला आणि आपले लक्ष त्या मुलाकडे असेल, तर मराठी माणूस ‘त्या मुलाला कुत्रा चावला’ म्हणतो आणि इंग्रज माणूस ‘द बॉय वॉज बिटन बाय अ डॉग’ म्हणतो. दोघांच्याही मनात आधी मूल आले आहे. यात लपवाछपवी काही नाही. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याला वाक्याच्या उंबरठ्यावर उभे करण्याची ती इंग्रजीची पद्धत आहे.

म्हणूनच पॅसिव्हला सरसकट नावे ठेवणारी शिकवण मला पटत नाही. जॉर्ज ऑर्वेल याने 1946 साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात लेखकांसाठी काही नियम दिले आहेत, आणि जिथे ॲक्टिव्ह वापरता येईल तिथे पॅसिव्ह कधीही वापरू नका, हा त्यांतला एक. पण त्याच निबंधाच्या अगदी पहिल्या वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’, म्हणजे ‘सर्वसाधारणपणे असे मानले जाते’, ही पॅसिव्ह रचना येते. मला यात ऑर्वेलची फजिती दिसत नाही. उलट तिथे ती रचना अगदी योग्य आहे असे मला वाटते, कारण मानणारे लोक कोण हा त्याचा मुद्दाच नव्हता. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांना स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या लेखनशैलीवरच्या छोट्या पुस्तकाने हाच धडा दिला. त्या पुस्तकात पॅसिव्ह सुधारण्याची म्हणून जी चार उदाहरणे आहेत, त्यांतले खरोखरचे पॅसिव्ह एकच आहे, हे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2009 साली दाखवून दिले. रचना ओळखता येत नसतानाही तिचा तिटकारा शिकवता येतो, हे वाचून मी अस्वस्थ झाले होते.

रोजच्या इंग्रजीत हा प्रयोग किती येतो, याचीही मोजणी झालेली आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या लाँगमनच्या बोली आणि लेखी इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणात असे नोंदवले आहे, की विद्वत्लेखनात सुमारे चौथा हिस्सा क्रियापदे पॅसिव्ह असतात, तर गप्पांमध्ये शंभरात जेमतेम दोन. म्हणजे घरात, स्वयंपाकघरात, बसथांब्यावर इंग्रज माणूस फारसा असा बोलत नाही. जिथे बोलतो तिथे त्याला बहुधा तसेच कारण असते: ‘माय फोन वॉज स्टोलन’. चोर कोण ते ठाऊक नाही, मग त्याला वाक्यात आणायचे कुठून? मराठीत आपण ‘फोन चोरीला गेला’ म्हणतो, आणि हा ‘गेला’ किती सुंदर आहे ते कधी लक्षातही घेत नाही.

मराठीकडे अशी तयार वाक्ये भरपूर आहेत आणि म्हणून ‘केले गेले’, ‘मारला गेला’ यांची आपल्याला एरवी फारशी गरज पडत नाही. ज्याला मार बसतो तो मराठीत मार ‘खातो’. शिव्या खातो, बोलणी खातो, ओरडा खातो. माणूस दुसऱ्याच्या क्रियेचा विषय झाला असला तरी मराठी त्याच्याकडे खाण्याचे काम देते आणि त्याला कर्ता करून ठेवते. इंग्रजीचे ‘इट इज सेड’ आपण ‘म्हणतात’ या एका शब्दात आटोपतो, आणि ‘ही इज सेड टु बी रिच’ याला तर ‘श्रीमंत आहे म्हणे’ इतके बोलून आपण ऐकीव बातमीवरचा आपला संशयही सांगून टाकतो. शिवाय फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे अशा जोड्या आहेत. कप फुटला म्हटले की कोणी फोडला हे सांगायची सक्ती उरत नाही.

तरी काही बाबतींत मला इंग्रजीचा हेवा वाटतो. ‘आय वॉज गिव्हन अ बुक’ या वाक्यात पुस्तक मिळालेली व्यक्ती थेट कर्त्याच्या खुर्चीत बसते. ‘आय डोन्ट लाइक बीइंग लाफ्ड ॲट’ यात हसणे हे अकर्मक क्रियापद असूनही ज्याला हसतात तो पुढे येतो आणि ‘ॲट’ एकटे मागे लोंबकळत राहते. ‘धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन’ या वाक्यात तर पलंगच बोलत असल्यासारखा वाटतो. मराठीत तिथे ‘कोणीतरी’ आणावे लागते आणि चादरीवरच्या सुरकुत्यांवरून नजर हटून त्या अनोळखी माणसाकडे जाते. बोलण्यातला ‘गेट’ घालून केलेला पॅसिव्हही असाच मोलाचा. ‘ही वॉज फायर्ड’ ही नुसती बातमी झाली. ‘ही गॉट फायर्ड’ म्हटले की घटनेचा धक्का, थोडे दुर्दैव, आणि कधी कधी त्याने स्वतःच ते ओढवून घेतल्याची छटाही येते. भाषांतरात मी याला ‘नोकरीवरून हाकललं त्याला’ असे काहीतरी करते आणि अर्धेच हाती लागते.

या रचनेचे एक रूप तर फारसे जुनेही नाही. घर बांधले जात आहे या अर्थी ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ हे आज शाळकरी वाक्य आहे. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रज लोक ‘द हाउस इज बिल्डिंग’ असेच म्हणत. नव्या रूपाचे एक सुरुवातीचे उदाहरण कवी रॉबर्ट साउदी यांच्या 1795 सालच्या पत्रात सापडते, आणि ते एका न्हाव्याकडून मुळापासून उपटल्या जात असलेल्या दाढेबद्दल आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात कित्येक व्याकरणकारांनी या रूपाला ओबडधोबड ठरवले. लोकांनी ते वापरणे सोडले नाही, कारण दाढ उपटली जात असताना तिच्याबद्दल बोलण्याची गरज खरी होती.

आता ज्या पॅसिव्हबद्दल मनात राग आहे त्याकडे येते. ‘मिस्टेक्स वेअर मेड’, चुका झाल्या, हे वाक्य अमेरिकेच्या राजकारणात इतके रुळले आहे, की राज्यशास्त्रज्ञ विल्यम श्नायडर यांनी त्याला दोषमुक्ती देणारा भूतकाळ अशा अर्थाचे नावच दिले. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी डिसेंबर 1876 मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या शेवटच्या वार्षिक संदेशात चुका झाल्या असे लिहिले, पण त्याच वाक्यात ‘सर्वांना दिसते आहे आणि मीही मान्य करतो’ अशीही भर घातली. त्यानंतर लगेच चुकांचा रोख मदतनिसांच्या निवडीकडे वळवला. जानेवारी 1987 मध्ये इराणच्या शस्त्रव्यवहाराचे प्रकरण गाजत असताना रोनाल्ड रीगन यांनी गंभीर चुका झाल्याचे याच रचनेत सांगितले. त्या भाषणात थोडे आधी ‘मी धोका पत्करला’ आणि ‘त्याची पूर्ण जबाबदारी मी घेतो’ अशी सरळ कर्तरी वाक्येही होती. मला विचार करायला लावते ते हेच: जबाबदारी घेणारा ‘मी’ आहे, आणि चुका मात्र कोणाच्याही नाहीत. लोकांनी पुढे लक्षात ठेवले ते चुकांचे वाक्य.

याहून जिव्हारी लागणारे उदाहरण ज्युलिया पेनेलोप या स्त्रीवादी भाषाशास्त्रज्ञ बाईंचे आहे. जॉनने मेरीला मारले, या वाक्यापासून त्या सुरुवात करतात. मग मेरीला जॉनकडून मारले गेले. मग मेरीला मारले गेले. मग मेरी ही मार खाल्लेली स्त्री आहे. चार पायऱ्यांत जॉन घराबाहेर पडला, आणि मार हा मेरीच्या ओळखीचा भाग होऊन बसला. मराठी वर्तमानपत्रांतले मथळे वाचताना मला ही उतरंड आठवते. ‘विवाहितेचा छळ’, ‘तरुणीवर अत्याचार’ यांत पॅसिव्ह औषधालाही नाही, क्रियापदच नाही, आणि तरीही जॉन गेलेलाच आहे. तेव्हा लपायला व्याकरणातली एकच जागा असते असे मानणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे ‘झाले’, ‘राहून गेले’, ‘घडले’ यांच्या आडोशालाही माणसे उभी असतात. आणि सरकारी मराठीतले ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ किंवा ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ हे तर मला इंग्रजी कचेरीच्या सावलीत वाढलेले गद्य वाटते. मी स्वतः अशी शेकडो वाक्ये लिहून दिली आहेत.

चार दिवसांनी तोच मुलगा पुन्हा रक्त घ्यायला आला. दारात चप्पल काढतानाच तो आईला म्हणाला, ‘आजी, मागच्या वेळी माझ्याच हातून तुमच्या नळ्या डब्यात ठेवायच्या राहिल्या. दुसऱ्या कप्प्यात राहिल्या आणि दुपारपर्यंत खराब झाल्या. चूक झाली माझ्या हातून.’ आई म्हणाली, ‘बस आधी, पाणी पी.’ मग तिने आपणहून दुसरा हात पुढे केला.

‘माझ्या हातून’ या दोन शब्दांवर मी नंतर पुष्कळ दिवस विचार केला. त्यानेही ‘मी हरवल्या’ असे म्हटले नव्हते. वाक्याचा कर्ता तो नाही, नळ्या आहेत, चूक आहे. क्रियापदही ‘राहिल्या’, ‘झाली’ असे, कोणी मुद्दाम न केलेले. हेतू नव्हता हे वाक्य सांगते आणि हात कोणाचा हेही सांगते. ‘माझ्याकडून’, ‘माझ्या हातून’ ही मराठीची जी सोय आहे, तिला इंग्रजीत नेण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. ‘आय मेड अ मिस्टेक’ म्हटले तर ते फार ताठ होते, ‘अ मिस्टेक वॉज मेड बाय मी’ असे तर कोणी बोलत नाही.

त्या पत्रावरचा माझा राग तेव्हा थोडा निवळला, पण सगळा नाही. पहिल्या वाक्यातला पॅसिव्ह मी आता समजून घेते. पत्र लिहिणाऱ्याला कदाचित ठाऊक नसेल कोणाच्या हातून काय राहिले, आणि ठाऊक असले तरी वीस-बावीस वर्षांच्या पोराचे नाव ग्राहकाला कळवून त्याची नोकरी धोक्यात घालायची नाही, असाही विचार त्यामागे असू शकेल. नमुना मागवण्याचे वाक्यही चालते. विनंती, सूचना, मनाई, परवानगी ही कामे कचेरीच्या नावाने होऊ शकतात. बोलण्याने काम कसे घडते याचा विचार करणारे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्डमध्ये दिलेल्या आणि 1962 साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत प्रवाशांना दिलेल्या इशाऱ्यांची अशीच पॅसिव्ह उदाहरणे घेतली आहेत: इशारा कोणी दिला हे न सांगताही इशारा लागू होतो.

तिसरे वाक्य मात्र मला मान्य नाही. खेद कचेरीला होत नाही. पाणी तापवले गेले, पूल बांधला गेला, नळी गहाळ झाली, इथे माणूस बाहेर ठेवला तरी पाणी तापलेले असते आणि पूल उभा असतो. ‘इज रिग्रेटेड’ म्हणून माणूस काढून घेतला की मागे काहीच उरत नाही, कारण खेद हा कोणाच्या तरी पोटातच असतो. रेल्वे फलाटांवर ही इंग्रजी आपण जन्मभर ऐकत आलो आहोत, गैरसोय खेदजनक मानली जाते, कोणाकडून ते गुलदस्त्यात. आमच्या रस्त्यावर गेले वर्षभर खोदकाम चालू आहे आणि तिथे पत्र्याचा एक दुभाषी फलक आहे. वर इंग्रजीत ‘इनकन्व्हीनियन्स रिग्रेटेड’ आहे आणि खाली मराठीत ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’. संस्कृतात हा ‘क्षमस्व’ आज्ञार्थी, द्वितीय पुरुषी आहे: तू क्षमा कर. लिहिणाऱ्याने त्याचा विचार केला असेल वा नसेल, त्या फलकावर वरच्या ओळीत कोणीच नाही आणि खालच्या ओळीत रस्त्यावरून चिखल तुडवत जाणारा मनुष्य आहे, ज्याच्याकडे काहीतरी मागितले जात आहे.

तेव्हापासून कामात मी एक सवय लावून घेतली आहे. इंग्रजी पत्रातला पॅसिव्ह दिसला की मी कर्ता शोधत बसत नाही. पण खेद, आभार, आश्वासन आणि माफी या चार ठिकाणी मी ग्राहकाला फोन करून विचारते, की हे कोणाच्या वतीने आहे. बहुतेक जण ‘आम्ही’ लिहा म्हणतात. एकदोघांनी विचार करून ‘मी’ लिहा असेही सांगितले.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा जन्मदाखला व्हिसासाठी इंग्रजीत करून द्यायचा होता. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. काय लिहितेस म्हणून तिने विचारले, तेव्हा मी तिला ‘वॉज बॉर्न’ म्हणजे जन्मली असे सांगितले, आणि हेसुद्धा सांगितले, की हे इंग्रजीतले सगळ्यात नित्याचे पॅसिव्ह आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ वाहणे, पोटात वागवणे असा आहे, म्हणून शब्दशः पाहिले तर ‘वाहिली गेली’. आणि वाहणाऱ्या बाईचा उल्लेख ‘बाय’ने करायचा झाला, तर त्याच शब्दाच्या शेवटी एक ‘ई’ जास्त लिहावा लागतो. तिचा उल्लेख नसला की तो ‘ई’ गळतो.

आईने हातातली शेंग तशीच ठेवली. ‘म्हणजे वाहिलं कोणी, ते नाही लिहीत?’

मी दाखल्याचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. तिने चष्मा वर ढकलून ‘आईचे संपूर्ण नाव’ ही अक्षरे वाचली, आणि मग त्यापुढचे त्या अनोळखी बाईचे नाव सावकाश, मोठ्याने वाचले.